मालकाचा माणूस

सुरुवातीलाच सांगून टाकतो. या लिखाणात दादाजी पुस्तोड्यांना मी अहोजाहो करणार आणि टेकचंदला अरेतुरे. दोघं एकाच वयाचे, गावच्या शाळेत एकाच टाटपट्टीवर बसलेले. पुढे टेकचंदचं भंडाऱ्याला पितळी भांड्यांचं मोठं दुकान झालं आणि लोक त्याला शेठ म्हणू लागले. म्हणोत बापडे. माझ्या तोंडून त्याच्या नावापुढे काही निघत नाही. ज्यांना हे खटकेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

दादाजी आमच्या एकोडीचे रेडिओवाले. त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी त्यांना काकाजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला, धुरपताबाईला, काकू. घराणं धानाच्या शेतीतलं. पण दादाजींचं मन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी रमलं नाही. तरणेपणी ते नागपूरला पळाले, सीताबर्डीवर एका दुकानात फुकट राबून रेडिओचं काम शिकले आणि गावात वीजही आली नव्हती तेव्हा इथे येऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसले. त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपला पोरगा नेमकं करतो काय. कुणी विचारलं तर म्हातारा सांगायचा, "पेट्यायचं करते काहीतरी."

पहिल्यांदा बॅटरीवरचे रेडिओ असायचे, मग वीज आली आणि विजेवरचे आले. आत काचेचे दिवे, ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात ते. बटण फिरवलं की हे रेडिओ लगेच बोलत नसत. आधी दिवे तापायचे, काचेच्या पट्टीमागे पिवळा उजेड पडायचा आणि मग कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा आवाज यायचा. दुकानात बसलेल्यांना तेवढाही धीर नसायचा. दादाजी हात वर करून म्हणायचे, "थांबा, तापू द्या." गावात हा शब्द इतका रुळला की कुणी भांडणात लवकर हातघाईवर आला तर तिसरा त्याला म्हणायचा, थांब बे, तापू दे.

नंतर ट्रान्झिस्टर आले. हातात धरून बांधीवर नेता येतील असे, बटण दाबल्याबरोबर बोंबलणारे. लोकांनी जुने रेडिओ उचलून दादाजींच्या दुकानात आणून टाकले. "ठेवून घ्या दादाजीभाऊ, त्यात उंदरं राहून राहिले," असं म्हणायचे आणि निघून जायचे. दादाजींच्यानं ते फेकवेनात. त्यांनी एकेक उघडला, साफ केला, नागपूरहून दिवे मागवून बोलता केला आणि फळीवर मांडला. त्या वेळी मी एसटीत नुकताच कंडक्टर झालो होतो. नागपूरची फेरी असली की ते दिवे कापसात गुंडाळून, तिकिटाच्या पेटीशेजारी मांडीवर घेऊन मीच आणायचो. कुणाचा धक्का लागला की प्रवाशावर खेकसायचो.

एकामागून एक भिंती भरल्या. कंपनीच्या नावानं दादाजी कोणत्याच रेडिओला ओळखत नसत. ज्या घरातून आला त्या घराचं नाव. हा शकुनबाईचा, हा पाटलाचा, हा मास्तराचा. रोज दुपारी त्यातला एक लावायचा असा त्यांचा नेम होता, ओल धरू नये म्हणून. शकुनबाई आमच्या गल्लीतली विधवा बाई. तिच्या नवऱ्यानं हौसेनं घेतलेला रेडिओ तिनं पोराच्या हट्टापायी दादाजींकडे टाकला होता. रस्त्यानं जाताना ती दारात थांबायची.

"माहावाला आहे का जी आज?"

"तुमचावालाच आहे. बसा."

मग ती पायरीवर बसून भाजीपाल्याचे बाजारभावसुद्धा मन लावून ऐकायची.

पण सगळ्यांत लाडका होता तो नाकाडोंगरीचा. तिकडे खाणीवर एक इंजिनिअर होते, त्यांचा रेडिओ दुरुस्त करायला दादाजींना बोलावणं आलं होतं. साहेब नोकरी सोडून निघाले होते. दादाजींनी मजुरीऐवजी रेडिओच मागितला आणि साहेबांनी हसत देऊन टाकला. सागवानी पेटी, लहान कपाटाएवढी, काचेच्या पट्टीवर जगभरच्या शहरांची नावं. दादाजींनी तो बसच्या टपावर टाकू दिला नाही. दोन बसा बदलून मांडीवर घेऊन आले. मांड्या बधिर झालेल्या, चालता येईना. काकू दारात उभी राहून पाहत होती.

"मले लग्न करून आणलं तवा बैलबंडीत मांगं बसवलं होतं," ती म्हणाली, "अन् हिले मांडीवर!"

तेव्हापासून त्या रेडिओचं नाव सवत. घरात जागा नव्हती म्हणून सवत दुकानातच राहायची. पण संध्याकाळी काकू डबा घेऊन जायची, आणि दोघं नवराबायको तो रेडिओ तापवून त्याच्यासमोर जेवायची. सवतीपुढे ताट घेऊन बसणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास दुकानाची खोली गावच्या ज्या सहकारी संस्थेची होती तिला खताची पोती ठेवायला ती हवी झाली. भांडणतंटा काही नाही, खोली त्यांचीच. दिवाळीनंतर रिकामी करा म्हणाले. दादाजींना दुरुस्तीचं काम घरच्या ओसरीवर करता आलं असतं. पण भिंतीभर रेडिओ न्यायचे कुठे? घरात दीड खोली, त्यात धान साठवायची ढोली. काकाजी आठवडाभर नुसते भिंतींकडे पाहत बसले.

तेव्हा टेकचंद आला. तो रविवारी भंडाऱ्याहून आईला भेटायला यायचा आणि येताना दुकानात डोकवायचा. टेकचंदची आई जनाबाई मोठ्या मुलाकडे, भैय्यालालकडे, एकोडीतच राहायची. दादाजींची आई लवकर गेली होती, त्यामुळे लहानपणी दादाजी अर्धे जनाबाईच्या चुलीशीच वाढले. ते तिला माय म्हणत. टेकचंद आणि ते भावासारखेच. टेकचंद त्यांना दाद्या म्हणायचा. अख्ख्या गावात त्यांना असं म्हणणारा तो एकटाच.

"मंडईत लिलाव लाव ना दाद्या," तो म्हणाला. "गावातच इकू दे. ज्याचा रेडिओ त्याच्या घरी जाईन."

दादाजींच्या डोक्यात हे बसलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. पाहुणे येतात, दंडार होते, नाटक होतं. त्या दिवशी माणसांच्या हातात पैसे असतात आणि मनही मोकळं असतं. शकुनबाईचा शकुनबाई घेईल, मास्तराचा मास्तर. "गल्लीतून चाललो तं ऐकू आले पायजे," दादाजी म्हणाले, "मंग मले काही दुःख नाही." फक्त सवत द्यायची नव्हती. पण निवडून एक बाजूला ठेवायचा आणि बाकीचे विकायचे हे त्यांना बरं वाटेना. लोक म्हणतील, चांगला तेवढा ठेवून घेतला. लिलाव म्हटला की सगळे मांडले पाहिजेत.

"त्यात काय," टेकचंद म्हणाला. "तुहा माणूस मी. मी बोलतो बोली."

इथे आमच्या गावची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात लिलाव कशाचाही व्हायचा. बोडीतल्या मासोळ्या, मोहाची झाडं, वाटणीतली बंडी, मेलेल्या माणसाचा बैल. ज्याची वस्तू त्यानं पंचांजवळ सतरंजीवर बसायचं, पान खायचं आणि तोंड उघडायचं नाही. स्वतःच्या वस्तूवर स्वतः बोलणं म्हणजे लाज. पण कधी कधी माणसाला वस्तू द्यावी लागते आणि द्यायचीही नसते. अशा वेळी तो आधीच गावाला सांगून ठेवायचा की अमका माझा माणूस. त्याला मालकाचा माणूस म्हणत. तो बोलला की गाव गप्प. त्याच्यावर कुणी बोली चढवायची नाही, पहिल्या बोलीत वस्तू त्याची, म्हणजे मालकाची परत. कुणी हे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण माझ्या लहानपणापासून ही रीत मोडलेली मी पाहिली नव्हती, आणि आमच्या गावात मोडण्यासारख्या गोष्टी लोक एरवी भरपूर मोडतात.

मंडईच्या आधी दादाजी घरोघर फिरले. आमच्याही घरी आले. बाबांना म्हणाले, "या वर्षी रेडिओ मांडतो आहो. या. अन् टेकचंद माहा माणूस आहे बरं."

माझे बाबा म्हणाले, "तुहा माणूस तो आमचा माणूस." सगळं गाव हेच म्हणालं. कोणत्या रेडिओसाठी टेकचंद त्यांचा माणूस, हे दादाजींनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सगळ्यांनाच माहीत आहे सवतीचं, असं त्यांना वाटलं. गावानं ऐकलं ते एवढंच, की टेकचंद दादाजींचा माणूस.

मंडईच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. जे झालं ते बाबांनी सांगितलं, आणि पोलीस पाटील केशवराव लिलाव पुकारत होते, त्यांनीही सांगितलं. दंडारीच्या मांडवात बाकांवर रेडिओ मांडलेले. वायर ओढून दादाजींनी प्रत्येक लावून दाखवला. पाहुण्या गावचे लोकसुद्धा थांबा, तापू द्या म्हणत हसत होते. मग दादाजी सतरंजीवर जाऊन बसले, पान तोंडात घातलं.

पहिला शकुनबाईचा निघाला. शकुनबाई पदराच्या गाठीत पैसे बांधून पुढे बसली होती. केशवरावांनी पुकारलं, आणि टेकचंदनं बोली बोलली. शकुनबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दादाजींकडे. दादाजींना ठेवायचा असेल, तिला वाटलं. तिनं गाठ तशीच राहू दिली. मांडव गप्प. केशवरावांनी तीनदा विचारून रेडिओ टेकचंदच्या नावावर केला.

दुसरा पाटलाचा. टेकचंद बोलला. केशवराव स्वतःच पाटील, रेडिओ त्यांच्याच घरचा, तेही गप्प. तिसरा मास्तराचा. टेकचंद बोलला. आता लोकांच्या ध्यानात आलं. सगळेच परत चालले होते! दादाजींचा जीव निघत नाही, म्हणून मित्रानं सगळेच परत घ्यायचं ठरवलं. लोक एकमेकांना कोपरानं ढोसून हसू लागले. पाहुण्या गावचा एक माणूस बोली चढवायला निघाला तर आमच्या बाबांनी त्याचा हात धरून खाली बसवलं. "मालकाचा माणूस बोलून राहिला ना बाप्पा, गप बस," ते म्हणाले. गप्प राहण्यात गावाला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की बोलण्यात कधी झाला नसेल.

आणि दादाजी? पहिल्या रेडिओला ते चपापले. दुसऱ्याला त्यांनी टेकचंदकडे पाहिलं, त्यानं डोळे मिटून मान हलवली. तिसऱ्याला त्यांना समजलं. म्हणजे त्यांना वाटलं की समजलं. बाबा सांगत, दादाजींनी धोतराचा सोगा डोळ्याला लावला. त्यांनी तिथल्या एकाला घरी पिटाळलं, काकूला सांग म्हणाले, सगळेच येऊन राहिले, जागा कर. सवत निघाली तेव्हा टेकचंद सगळ्यांत मोठ्यानं बोलला आणि मांडवात टाळ्या पडल्या.

केशवरावांनी दादाजींना नारळ दिला. साखर वाटली. टेकचंदनं मेटॅडोर आणलीच होती. दादाजी उठून त्याच्या गळ्यात पडले. टेकचंदनं त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "तू जाय घरी दाद्या. मी गाडीत भरून घेतो."

त्याच वेळी मी भंडाऱ्याच्या वाटेवरच्या साकोलीहून एकोडीच्या गाडीवर होतो. वाटेत समोरून मेटॅडोर आली. रस्ता अरुंद, म्हणून आमच्या ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. ताडपत्रीखालून सवतीचा सागवानी कोपरा मला दिसला. तो मी कुठेही ओळखला असता. टेकचंद पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. मला वाटलं, सगळे त्यानं विकत घेतले असतील, चांगली किंमत आली असेल, काकाजींचं बरं झालं.

गावात उतरलो तर दादाजींच्या अंगणात माणसंच माणसं. काकूनं धानाची ढोली दोघा-तिघांच्या हातानं बाहेर काढली होती, आणि भिंतीला फळ्या टेकवून त्यांच्यावर धुतलेली लुगडी अंथरली होती. दादाजी नारळ हातात घेऊन दारात उभे. माझ्या तोंडात कुणीतरी साखर कोंबली.

"टेकचंदानं सगळे परत घेतले रे मधुकर," काकाजी म्हणाले. "माहाकरता."

मी साखर चावत विचारलं, "मंग गाडी साकोलीकडं कायले गेली?"

कुणीतरी म्हणालं, डिझेल भरायला गेली असेल. दुसरं म्हणालं, लांबच्या वाटेनं फिरून येत असेल. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. बारीकसारीक वायर कुठे तुटली आहे हे शोधताना त्यांचे डोळे जसे व्हायचे तसे झाले. ते ओट्यावर बसले. संध्याकाळ होईपर्यंत माणसं तिथेच थांबली, मग एकेक करून आपापल्या घरी गेली. जाताना कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ते माझ्याच बसनं भंडाऱ्याला गेले. मी ड्युटी बदलून त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. टेकचंद गादीवर बसला होता. त्यानं चहा मागवला! माणसाला लाज नसली की चहा मागवायला सुचतो.

"दाद्या, गरम कायले होऊन राहिला," तो म्हणाला. "मुंबईच्या एका हॉटेलवाल्याले जुन्या पेट्या पायजे होत्या, शोभेसाठी. तुले गावात कोणी एवढा पैसा देल्ला नसता."

"मी तुले माहा माणूस म्हटलं होतं," दादाजी म्हणाले.

"म्हटलं होतं. तूच तं गावभर सांगतलं. मी कोठं सांगतलं? मी बोली बोललो, कोणी चढलं नाही. लिलाव म्हणजे लिलाव."

"अन् सवत?"

टेकचंदनं मागच्या पडवीकडे बोट केलं. तिथे सगळ्या रेडिओंची आतडी काढून ढीग लावला होता. व्हॉल्व्ह फुटलेले, तारा ओढलेल्या, मधोमध सवतीचा मोठा स्पीकर. रिकाम्या पेट्या केव्हाच रेल्वेनं निघून गेल्या होत्या. दादाजी त्या ढिगाशी उकिडवे बसले. एक न फुटलेला दिवा त्यांनी उचलला, पुसला आणि परत तिथेच ठेवला. मी टेकचंदला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणखी बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

निघताना टेकचंद मागून म्हणाला, "तांबं आहे त्यात. पायजे तं वजनावर देतो, भाव कमी लावतो."

दादाजींनी वळून पाहिलं नाही. बसमध्ये सगळ्या वाटेनं ते खिडकीबाहेर बघत होते. साकोली आली तेव्हा मला म्हणाले, "त्यानं चोरी केली असती तं बरं झालं असतं मधुकर. चोराले कोणी मांडवात टाळ्या नाही देत."

लिलावाचे पैसे टेकचंदनं केशवरावांकडे चुकते केले होते. दादाजींनी त्या पैशांना हात लावला नाही. शेवटी काकूनं त्यातून घरावर नवीन कवेलू घातले. रागानं घराला गळती थांबत नाही, असं तिचं म्हणणं, आणि तिचं बरोबरच होतं.

पुढची वर्षं दादाजी ओसरीवर बसून ट्रान्झिस्टर दुरुस्त करत राहिले, मग टेपरेकॉर्डर. पण माणूस बदलला. कुणाची वस्तू ते रात्रभर ठेवून घेत नसत. "घेऊन जा, माह्यापाशी काही ठेवू नका," म्हणायचे. कुणी वायदा केला तर हसायचे, आणि ते हसणं मला आवडत नसे. कोणत्याही लिलावाला गेले नाहीत. शकुनबाई रस्त्यानं जाताना ओसरीपाशी घुटमळायची, पण आत यायला तिला धीर होत नसे. तिला वाटायचं, आपण गाठ सोडली असती तर निदान एक तरी वाचला असता. सगळ्या गावालाच आपापल्या गप्प बसण्याचं तसं वाटायचं. गंमत म्हणजे त्यात चुकलं कुणाचंच नव्हतं. भिंतीच्या फळ्या काकूनं काढल्या नाहीत, आणि त्यांच्यावर दुसरं काही ठेवलंही नाही.

पंच्याऐंशी साली टेकचंद आणि भैय्यालालची वाटणी झाली. जमीन झाली, बैल झाले, भांड्यांवर अडलं. मी मोठा, मी लहान, कुणीच मागे हटेना. पंचांनी कंटाळून सांगितलं, भांड्यांचा अंगणातच लिलाव करा आणि पैसे वाटून घ्या. त्या भांड्यांत जनाबाईचा गुंडही होता. तिच्या बापानं लग्नात दिलेला पितळी गुंड. घरातलं पाणी तिनं जन्मभर त्यातच भरलेलं. गळ्याजवळ त्याला एक पोच होती, ती आम्हा पोरांनी लहानपणी पाडली होती. तो गुंड म्हातारीचा स्वतःचा, वाटणीत यायलाच नको होता. पण दोघा पोरांना ते सुचलं नाही आणि पंचांना ते बोलून दाखवता आलं नाही.

जनाबाईनं नातीला पाठवून दादाजींना बोलावलं. माय बोलावते म्हणून ते गेले. लिलाव चालू आहे हे अंगणात पाय ठेवल्यावरच त्यांना दिसलं. समोर खुर्चीवर पांढऱ्या कपड्यांत टेकचंद. जनाबाई काठीवर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली.

"गुंड माहा आहे. तो मले पायजे. दादाजी माहा माणूस."

सगळं अंगण दादाजींकडे पाहू लागलं. केशवरावांनी गुंड पुढे सरकवून त्यांच्याकडे मान हलवली. दादाजींनी फक्त तोंड उघडायचं होतं. गाव गप्प बसायला तयारच होतं, कदाचित मागची भरपाई म्हणूनही. गुंड पहिल्या बोलीत म्हातारीच्या घरात राहिला असता.

दादाजी खाली बघून म्हणाले, "माय, मी कोणाचा माणूस नोहो," आणि निघून गेले.

अंगणातलं हे सगळं मला रात्री लोकांनी सांगितलं; गुंड कुठे गेला ते मात्र त्याआधीच बसमध्ये कळलं. मी त्या दिवशी एकोडी-भंडारा फेरीवर होतो. टेकचंद गुंड घेऊन चढला आणि मांडीवर घेऊन बसला. ती पोच मला दिसली.

"जनाआजीचा गुंड कोठं चालला?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

"दुकानात. जुन्या पितळेले भाव आहे आता."

"सामानाचं तिकीट पडन."

"घरचं भांडं आहे, त्याचं कायचं तिकीट?"

"घरचं असतं तं घरी राहिलं असतं," मी म्हणालो आणि तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं. आजूबाजूचे प्रवासी हसले. तो नाही हसला, आणि त्याला काही झालंही नाही. भंडाऱ्याला तो आरामात उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकाजींच्या ओसरीवर गेलो. ते टेपरेकॉर्डर उघडून बसले होते. काकू आत पाणी भरत होती. मी सांगितलं, गुंड टेकचंद घेऊन गेला.

"बोली कोणी चढवली नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यानं पहिलीच बोली बोलली. लोकायले वाटलं, पोरगा मायसाठी घेऊन राहिला. म्हणून सगळे गप्प बसले."

पेचकस त्यांच्या हातातच राहिला. त्यांना हे काल कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण आता कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. गाव दुसऱ्यांदा तसंच गप्प बसलं होतं आणि या वेळी थांबवणारा एक माणूस अंगणात होता.

काकूनं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं आपला गुंड रिकामा केला, राखेनं घासला, कमरेवर घेतला आणि ओसरीवर आली.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली.

दादाजी उठले नाहीत. मानेनं नाही म्हणाले. ती एकटीच निघाली. मी तिच्यामागे गेलो.

जनाबाई गुंडाच्या रिकाम्या जागेशी बसली होती. काकूनं तिच्यापुढे गुंड ठेवला. आजीनं त्याच्या गळ्यावरून हात फिरवला, जशी काही पोच शोधत होती.

"दादाजी नाही आला?"

"नाही आले," काकू म्हणाली. "रागावू नका माय. ते काल..."

"कायले रागावू?" आजी म्हणाली. "दादाजीनं टेकचंदाले नुसतं माहा माणूस म्हटलं होतं बाई. म्यां तं त्याले जन्म देल्ला."

गुंड उचलून काकू विहिरीवर पाणी आणायला गेली.